हळदीच्या भिंतींचं गाव: वसमतहून उचिकोला

बावीस वर्षं मी फळ्यावर जपान काढतेय. खडूचे चार फटकारे, चार बेटं, "भूकंप फार, सपाट जमीन कमी, लोक कष्टाळू," की घंटा झाली आणि पोरं पळाली. आणि स्वतः मॅडम कुठवर गेलेल्या? तिरुपती, हैदराबाद आणि एकदा शाळेची सहल घेऊन वेरूळ. त्यामुळे माझ्या धाकट्या दिराने, गणेशने, फोनवर विचारलं, "वहिनी, दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन येता का इकडं?" तेव्हा त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले.

गणेश तीन वर्षांपासून शिकोकू नावाच्या बेटावर, मात्सुयामा शहरात, एका कारखान्यात इंजिनियर आहे. माझ्या नवऱ्याने लगेच हात वर केले. सोयाबीन घरात पडून, कापसाची वेचणी चालू, हळदीला पाणी द्यायचं. "तुमी दोघी जा," ते म्हणाले. "भांडायला एकमेकी आहातच."

दोघी म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. वय अडुसष्ट, बांधा काटक, जिभेला धार. वसमतजवळ आमची हळद आहे आणि दरवर्षी ती काढली की शिजवायचं काम आत्याबाईंच्या देखरेखीखाली चालतं. कढईतलं एक हळकुंड काढून दोन बोटांत दाबलं की त्या सांगतात, "अजून पाच मिन्टं." गडी घड्याळ बघत नाहीत, त्यांच्याकडे बघतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण तिच्यावाचून ही सगळी सहल नुसती फोटोंची होईल. माझे सासरे गेले त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की आत्याबाई स्वयंपाकघरात बसतात. तिळगुळाच्या पुड्या त्या बांधतात, हळदीची वाटी त्या भरून देतात, ती हळदही त्यांनीच शिजवलेली. पण बाहेरच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. मी बाहेर साठ-सत्तर बायकांना बोटं लावत असते आणि दर वर्षी मनात म्हणते, ही वाटी घेऊन आत जावं. सोळा संक्रांती झाल्या, मी काही गेले नाही. बाया काय म्हणतील याची मला भीती वाटायची आणि खरं सांगायचं तर आत्याबाईंचीही वाटायची.

असो. निघालो.

वसमत ते नांदेड एसटी, नांदेड ते मुंबई रेल्वे, मुंबईहून बँकॉकमार्गे ओसाका आणि तिथून मात्सुयामाला साडेपाच तासांची बस. ही बस समुद्रावरच्या लांबलचक पुलांवरून जाते, तेव्हा खिडकीची जागा घ्या. आत्याबाईंनी पहिला पूल डोळे मिटून काढला, दुसरा उघडे ठेवून. जेवणाचं म्हणाल तर आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, त्यावर प्रवास निभावला. शिवाय आत्याबाईंच्या हट्टाने किलोभर घरची हळद. ती मी दुकानातून सीलबंद पाकिटात भरून घेतली, वरून त्यांनी स्वतः शिवलेली कापडी पिशवी चढवली. ओली हळद, फळं, भाज्या नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. निघण्याआधी नियम वाचून घ्या.

"रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जावं काय?" एवढंच आत्याबाई म्हणाल्या.

दोन दिवस गणेशकडे राहिलो. त्याचं घर म्हणजे आमच्या न्हाणीघराएवढं, पण टापटीप. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, तो आम्हाला उचिकोला घेऊन गेला. मात्सुयामाहून साधी गाडी तासभर घेते आणि तिकीट हजार येनच्या आसपास पडतं, म्हणजे आपले साडेपाच-सहाशे रुपये. जलद गाडी अर्ध्या वेळात नेते, पण पैसे जास्त. साधीच घ्या. डोंगर, संत्र्यांच्या बागा, एखादं शाळकरी पोर, आणि प्रत्येक स्टेशनवर वाकून नमस्कार करणारा मास्तर हे सगळं बिनपैशांचं दिसतं.

उचिको हे एके काळी मेणाचं गाव. हाजे नावाचं एक झाड असतं, त्याच्या फळांतून मेण निघतं. शे-दीडशे वर्षांपूर्वी इथले व्यापारी ते मेण परदेशी पाठवून गब्बर झाले. मग वीज आली, स्वस्त मेण आलं आणि बाजार बसला. तेव्हा बांधलेले वाडे मात्र तसेच उभे आहेत. स्टेशनपासून वीस मिनिटं चालत गेलं की तो जुना रस्ता लागतो. चढाचा, शांत, दोन्ही बाजूंना लाकडी जाळ्यांच्या खिडक्या आणि वर काळी कौलं. जुनं नाटकघर आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं, तेवढी चुटपुट राहिली.

त्या रस्त्याच्या तोंडाशी आत्याबाई थबकल्या. "अगं शोभा, ह्या भिंती बघ!"

भिंती पिवळ्या होत्या. झगझगीत नाही, फिक्या. हळद दळणाऱ्या गिरणीच्या भिंती वर्षभरात जशा होतात, अगदी तशा. मी माहितीपत्रक उघडून, इथल्या मातीच्या गिलाव्याचा हा रंग, वगैरे वाचायला लागले.

"ते ऱ्हाऊ दे," आत्याबाई म्हणाल्या. "मोंढ्यात आल्यावानी वाटून राहिलंय. फक्त गलका न्हाई."

आमचा मोंढा म्हणजे हळदीचा बाजार, आणि त्याचा गलका इथे खरंच नव्हता. रस्त्यात एक मांजर होतं आणि एक म्हातारा कुंडीला पाणी घालत होता. मी कुजबुजत बोलायला लागले. वर्गात माझा आवाज तिसऱ्या खोलीपर्यंत जातो म्हणतात, तेव्हा बघा.

गणेशने राहायची सोय एका आजींच्या घरी केली होती. हारुको-सान. 'सान' म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. वय पंच्याहत्तर, केस पांढरेशुभ्र, चाल खारीची. जुन्या घरातल्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात, सकाळ-संध्याकाळचं जेवण धरून. दारात चपला काढायच्या म्हटल्यावर आत्याबाईंनी त्यांना तिथेच पसंत करून टाकलं. मग कळलं की संडासाच्या चपला वेगळ्या असतात, आणि मी त्याच घालून जेवायला गेले. हारुको-सान हसल्या नाहीत, नुसतं माझ्या पायांकडे बघून खाली वाकल्या. आत्याबाईंनी मात्र मनसोक्त हसून घेतलं.

गणेशला सुट्टी एकच दिवसाची होती. संध्याकाळच्या गाडीने तो परतला आणि जाताना माझ्या फोनमध्ये भाषांतराचं ॲप टाकून गेला. आपण मराठीत बोलायचं, फोन जपानीत बोलतो. माझं पुस्तकी मराठी त्याला कळायचं. आत्याबाईंनी "तुमच्याकडं काहून एवढी थंडी पडून राहिली?" असं विचारलं की तो गप्प. मग मी शुद्ध करून सांगायचे. दोन देशांमध्ये फोन आणि फोन अन् आत्याबाईंमध्ये मी, असा कारभार.

जेवणात काय असतं हा प्रश्न मला खूप जण विचारतात. मासळीचं पाणी त्यांच्या जवळजवळ सगळ्या पातळ पदार्थांत असतं, म्हणून न खाणाऱ्यांनी आधीच कळवा. गणेशने कळवलं होतं. आम्हाला भात, रताळी, मुळ्याचं लोणचं, तळलेली भोपळ्याची कापं आणि टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, मिळालं. टोफूचा एक घास घेऊन आत्याबाई म्हणाल्या, "ह्याला मीठ टाकायचं इसरल्या बाई." पिशवीतली शेंगदाण्याची चटणी बाहेर आली. हारुको-साननी ती चिमूटभर चाखली, डोळे मोठे केले आणि स्वतःच्या भातावर चमचाभर घेतली. त्या क्षणापासून त्या दोघींचं जमलं, माझी गरज फारशी उरली नाही.

गुरुवारी सकाळी मेणाच्या संग्रहालयात गेलो. तिथे मी भूगोलाची मॅडम असूनही तोंडात बोट घातलं. झाडाचं मेण निघतं ते मळकट हिरवट-पिवळं. ते किसून, लाकडी तबकांत पसरून, दिवसच्या दिवस उन्हात ठेवायचं. ऊन त्याचा रंग खातं आणि मेण पांढरं होतं. या पांढऱ्या मेणावरच गाव श्रीमंत झालं. आत्याबाई तबकांच्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या होत्या.

"आपल्या हळदीचं उलटंच हाय," त्या म्हणाल्या. "आपण रंग उडू नये म्हणून सावलीला जपून ठिवतो. ह्यांनी उडवून पैसा केला."

पुढे एक मेणबत्त्यांचं दुकान आहे, तिथे बसून बघता येतं. मधल्या वयाचा कारागीर कोमट मेण नुसत्या तळहाताने उचलतो आणि काडीवरच्या वातीला फिरवून फिरवून लावतो. थरावर थर, घाई अजिबात नाही. आत्याबाईंनी त्याला हात पुढे करायची खूण केली. त्याचा तळवा गुळगुळीत, चकाकणारा. त्यांनी आपला तळवा शेजारी धरला, रेघांमध्ये जन्माची पिवळी झाक. कामावर परतताना त्याने मान जरा जास्तच लववली.

आणि आता माझा पराक्रम.

दुपारी हारुको-सान खोकत होत्या. आत्याबाईंना खोकला ऐकून गप्प बसवत नाही. त्यांनी दूध मागून घेतलं, आपली हळद काढली आणि हळद-दुधाचा बेत सुरू केला. त्याच बैठ्या मेजाच्या दुसऱ्या टोकाला हारुको-सान एक पांढरं कापड इस्त्री करून घडी घालत होत्या. चौकोनी, सुती, आणि काठाला पांढऱ्याच दोऱ्याने भरलेली फुलं. फोनवरून त्यांनी समजावलं. त्यांचे यजमान मेणबत्त्या करायचे. त्यांना जाऊन रविवारी एक वर्ष होणार होतं. भिक्षू येणार, नातेवाईक येणार, आणि फोटोपुढच्या चौरंगावर हे कापड घालणार.

"हे माझ्या सासूने शिवलं," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांच्या वर्षाला हेच होतं. मग सासूच्या वर्षाला. घरात असं दुसरं नाही."

मी हळदीची वाटी उचलून बोलायला लागले. आमच्याकडे घरी आलेली बाई निघताना तिच्या कपाळाला ही हळद लावतात, असं मी सांगितलं. शेजारी आत्याबाई दूध ढवळत होत्या.

"कुणाला?" हारुको-साननी विचारलं.

"सगळ्या बायकांना," मी म्हणाले.

आत्याबाई न बघता म्हणाल्या, "सगळ्या न्हाई."

फोनला ते कळलं नाही. मी ते शुद्ध करून पुन्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. उलट ब्लॉगसाठी व्हिडिओ घ्यायची हुक्की आली म्हणून विषयच बदलला. जपानी कपात वसमतची हळद, मागे लाकडी जाळी, काय दृश्य! मी फोन उंच धरून मागे सरकले, माझं कोपर वाटीला लागलं आणि हळद त्या पांढऱ्या कापडावर सांडली. वर ढवळत असलेलं दूधही कलंडलं.

"अगं बाई!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

आत्याबाई ओरडल्या, "साबण नगं! त्यांना सांग, साबण नगं लावू!" पण हारुको-सान तोवर कापड घेऊन मोरीकडे पळाल्या होत्या. कोणतीही बाई पळाली असती. त्यांनी साबणाची वडी खसखसून फिरवली आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला.

हळदीच्या गावात हे पोरालाही माहीत असतं, साबण लागला की हळद लाल होते. पण त्या बिचारीला काय माहीत? तिच्या घरातलं एकुलतं कापड, रविवारचं वर्षश्राद्ध, आणि हातात रक्तासारखा डाग. त्या खाली बसल्या. तोंडावर ओला हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले, तेही फोनला न सांगता.

आत्याबाईंनी त्यांच्या हातातून कापड घेतलं. त्यांचीही बोटं लाल झाली. त्यांनी बोटांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "हे तर कुंकूच झालं की गं."

पूर्वी आमच्या घरी कुंकू विकत आणत नसत. हळकुंडं लिंबाच्या रसात आणि टाकणखारात भिजवून, वाळवून, कुटून आत्याबाईच करायच्या. अर्ध्या गल्लीला पुरायचं. सासरे गेले आणि तो उद्योग थांबला. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षच झालं होतं, त्यामुळे त्यांची लाल झालेली बोटं मी एकदाच पाहिली होती.

मग त्यांनी पदर खोचला. "शोभा, रडायचं नंतर. आंबट काय हाय घरात, इचार."

कोपऱ्यावर एक मांडणी होती, तिच्यावर माणूस कुणीच नाही. हिरवट संत्र्यांच्या पिशव्या आणि पैसे टाकायला डबा. शंभर येनला पिशवी. येताना आत्याबाईंनी त्यावर विचारलं होतं, "आन मोड नसंल तर?" आता मी मोड न बघता नाणी टाकली आणि पळत परत आले. ती संत्री अजून पिकायची होती, दात आंबतील अशी. आत्याबाईंनी रस पिळला, लाल डाग परत पिवळा झाला. मग नुसत्या पाण्याने चार वेळा धुतलं.

"आता त्यांना बराबर सांग," त्या म्हणाल्या. "हळदीचा डाग पाण्याला भीत न्हाई, उन्हाला भितो. ओलं ओलंच उन्हात टाकायचं. एक दिवस ऊन भेटलं की कापड जसं होतं तसं."

मी फोनला सांगितलं. हारुको-साननी ऐकलं, आत्याबाईंकडे पाहिलं आणि एकदाच मान हलवली. "आमचं मेणही उन्हानेच पांढरं होत होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर नसता ठेवला, आत्याबाईंवर ठेवला.

आता ऊन हवं होतं, आणि शुक्रवारी सकाळी आभाळ भरून आलं.

आमचं शुक्रवारीच निघायचं ठरलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "मी हालत न्हाई. माझ्या हळदीनं घाण केली, माझ्या डोळ्यादेखत साफ झाली पायजे." मी गणेशला फोन केला, एक दिवस वाढवला. दिवसभर भुरभुर पाऊस. खळ्यावर माल उघडा असताना जशा बघतात तशा आत्याबाई दर अर्ध्या तासाने दारात जाऊन वर बघत. हारुको-सान त्यांच्यामागे येऊन वर बघत. दोन म्हाताऱ्या, एक छत्री, आणि दोघी आपापल्या भाषेत आभाळाला बोलतायत. मी आत बसून रविवारचा विचार करत होते. डाग राहिला तर भिक्षू, नातेवाईक, सगळ्यांसमोर त्या काय अंथरणार? मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी हारुको-साननी आत्याबाईंना देवघरात नेलं. काळं लाकडी कपाट, आत छोटी बुद्धमूर्ती, यजमानांचा फोटो, भाताची वाटी. एक घंटी वाजवून हात जोडायचे. आत्याबाईंनीही वाजवली. मग फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "मालक तापट व्हते का?" मी भाषांतर केलं. हारुको-सान म्हणाल्या, "नाही. पण मेण गार झालं की चिडायचे." "आमचे, हळद जळली की," आत्याबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

शनिवारी मी उठले तेव्हा अंथरुणात आत्याबाई नव्हत्या. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. घरासमोरच्या बांबूवर कापड ओलं करून टाकलेलं आणि त्याच्या दोन बाजूंना दोघी स्टुलांवर बसलेल्या. सुकलं की पाणी शिंपडायचं, पुन्हा ताणायचं. येणारे-जाणारे थांबत. मेणबत्तीवाला कारागीर येऊन पाहून गेला, दुपारी पुन्हा आला. दहाला डाग लिंबासारखा फिका पडला. बाराला तो कुठे होता हे दाखवायला बोट लागत होतं. तीनला हारुको-साननी कापड काढून डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. पांढरं होतं. भरलेली फुलंसुद्धा पांढरी. त्यांनी ते छातीशी धरलं आणि आत्याबाईंपुढे इतक्या खाली वाकल्या की आत्याबाई घाबरून त्यांना उठवायला धावल्या. मी त्या पिवळ्या भिंतीला टेकून चक्क रडले.

पाचची गाडी होती. सामान दारात. हारुको-सान आतून आल्या, हातात एक इवलासा कप, आणि त्यात आम्ही दिलेली हळद. त्यांच्या लक्षात होतं, निघताना सगळ्या बायकांना. त्यांनी माझ्या कपाळाला बोट लावलं, जरा वाकडं, पण लावलं. मग त्या आत्याबाईंकडे वळल्या.

आत्याबाई एक पाऊल मागे सरकल्या. "शोभा, सांग त्यांना. मला चालत न्हाई म्हणावं. मालक न्हाईत म्हणावं मला."

आता गाळायची सोय नव्हती. मी फोन तोंडाशी धरला आणि सगळं सांगितलं. सासऱ्यांचं, सोळा वर्षांचं, हळद आत्याबाईच शिजवतात त्याचं, "सगळ्या न्हाई" हे मी परवा लपवलं होतं तेही. फोन थंडपणे ते जपानीत बोलून मोकळा झाला.

हारुको-साननी हातातल्या कपाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, आणि फोन त्याच कोऱ्या आवाजात मराठीत बोलला: "माझाही नवरा गेला आहे. ही हळद तुम्ही शिजवली आहे. मग आपण दोघी एकमेकींना लावू."

त्यांनी बोट बुडवलं आणि पुढे केलं. आत्याबाई हलल्या नाहीत. मागेही गेल्या नाहीत. त्या कोऱ्या कपाळावर पिवळं बोट उमटलं. मग आत्याबाईंनी कपात करंगळीशेजारचं बोट घातलं आणि हारुको-सानच्या पांढऱ्या केसांखाली नीट, गोल, मधोमध हळद लावली. सोळा वर्षांत कुणाला लावली नव्हती, पण हात विसरला नव्हता.

मात्सुयामाला गणेश उतरवून घ्यायला आला, आईच्या कपाळाकडे पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. दुसऱ्या दिवशी आंघोळ होईपर्यंत त्यांनी ती हळद पुसली नाही.

रविवारी संध्याकाळी गणेशच्या फोनवर एक फोटो आला. चौरंग, पांढरं कापड, यजमानांचा फोटो, संत्री आणि कारागिराने दिलेली एक मोठी मेणबत्ती. आत्याबाईंनी तो मोठा करून करून कापडाचा कोपरान्‌कोपरा तपासला. "गेला डाग," त्या म्हणाल्या.

घरी येऊन आता अडीच महिने झाले. हा लेख उशिरा टाकतेय कारण मला वाटत होतं तो पुरा झालेला नाही. उचिकोला जायचं तर दोन मुक्काम ठेवा, पावसासाठी एक जास्तीचा. खर्चाचं कुणाला हवं असेल तर विचारा, सगळ्या पावत्या आहेत. पण काय उरलं म्हणाल तर ते परवाचं सांगते.

परवा आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. बाहेरची खोली भरलेली. आत्याबाई नेहमीसारख्या आत, पुड्या बांधत. मी पहिलं बोट कुणालाच लावलं नाही. वाटी घेतली आणि स्वयंपाकघरात गेले. बाहेर एकदम शांत झालं, तेही मला ऐकू आलं.

आत्याबाईंनी वर पाहिलं. "काहून आली? बाया बसून राहिल्यात."

"बसू द्या," मी म्हणाले. "आधी तुमी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पदराला हात पुसले, उठल्या आणि माझ्या हाताला धरून मला बाहेरच्या खोलीत घेऊन आल्या. सगळ्यांसमोर खुर्चीवर बसल्या, चष्मा काढला आणि कपाळ पुढे केलं.

माझं बोट वाटीत गेलं ते थरथरायलाच लागलं. खोलीत मावलेल्या वीस-पंचवीस बायका बघत होत्या. हळद खाली सांडली, चिमूटभर त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर.

"सांडलीस? सांड," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या उन्हात टाकू. पण बोट थरथरू देऊ नगंस, पोरी. त्या बाईचं न्हाई थरथरलं."